कमानीतली माती

मोजणीला आलेल्या मुलीने विचारले,
शैली कोणती लिहू?
मी किल्ली शोधत म्हणाले, लिही: जाड.

हसली ती. पण खोटे नाही.
दोन हात चार बोटे भिंत आहे,
खिडकी एवढीशी, की पाखरू अंग चोरून आत येते.
साहेबाच्या मुलखात अशा भिंती थंडीसाठी बांधत म्हणे.
गुंजेवाडीला बर्फ फक्त रसवंतीवर.
एप्रिलात बाहेर डांबर चपलेला चिकटते
आणि आत, गार शहाबादीवर,
ओहोळांची म्हातारी पदर पसरून झोपते,
उपासना असो, नसो.

दुष्काळाच्या साली बांधले हे देऊळ.
आम्ही देऊळच म्हणतो.
साहेबाच्या वहीत एक चित्र होते:
अर्धगोल कमान, तिच्या पोटात आणखी एक, तिच्यात दार.
तिमय्या बंदपट्टेने जन्मभर विहिरीच बांधलेल्या.
त्याने वही आडवी धरली, उभी धरली.
"ही तर हिरीचीच कड हाय, उभी केल्याली."
मग जरा थांबून,
"पर सायब, दगूड मिळंस्तवर हिला खालनं कोन धरनार?"

लाकूड नव्हते. बाभळी केव्हाच चुलीत गेलेल्या.
म्हणून माती.
सीनेच्या कोरड्या पात्रातून पाटी, पाटी, पाटी,
दिवसाला शेरभर ज्वारी,
बाईला पाऊण.
दाराच्या जागी ढीग उभा राहिला,
त्याच्या पाठीवर काळा दगड चढत गेला.
मधली पाचर तिमय्याने ठोकली की त्याच्या बायकोने,
यावर गावात अजून दोन मते आहेत.

खांबाच्या माथ्यावर साहेबाला द्राक्षवेल हवी होती.
द्राक्ष इथे कुणी पाहिलेले?
तिमय्याने ऐकून घेतले: घोस, गोल दाणे, दाटीवाटी,
आणि ज्वारीचे कणीस कोरले.
डावीकडे बघ. हात लावू नकोस, चुना सुटतोय.
उजवा खांब कोराच राहिला.

माती काढली तो दिवस वहीत आहे.
पोरांनी हातांनी उकरली,
फावड्याचा धक्का नको म्हणून.
बारीक धूळ गळत राहिली. कुणी खोकलेसुद्धा नाही.
कमान बोटभर खाली आली
आणि थांबली.

ती माती मागच्या अंगाला टाकली.
पावसाळ्याआधी तिथेच सात खड्डे भरायला लागली,
उकरणाऱ्यांतलेच सात.
नावे पाचांचीच लिहिली आहेत.

आता कुंपणाला लागून द्राक्षबागा.
फवारणी झाली की वास थेट वेदीपाशी येतो.
शिंदकरांचा सुभाष दरवर्षी पहिली पेटी
त्या कणसाखाली ठेवतो. का, ते विचारले नाही.

मुलीने टेप गुंडाळली, पुन्हा वर पाहिले.
मध्यावर बोटभर कमी भरतेय, म्हणाली,
चूक म्हणून नोंदवू?

नको. बसली म्हणून लिही.
आणि जाताना दार ओढून घे.
वरची कडी लागत नाही,
खालची लाव.