कोणी मारलं

दिवसभर मी कॉड कापते, संध्याकाळी घोटे तपासते.
हात तेच, गार पाण्याने लाल झालेले,
काटा कुठे वळतो ते न बघता सांगणारे.

फॅरो बेटांवरचं आमचं मैदान समुद्राच्या इतकं कडेला
की गोलवरून गेलेला चेंडू आणायला होडी लागते.
गवत प्लास्टिकचं. खरं गवत मेंढ्यांना.
आणि प्लास्टिकखाली काय आहे ते विचारा
ताइतुरच्या उजव्या अंगठ्याला:
बूट जागच्या जागी रुतला, ताइतुर पुढे गेला,
अंगठा मधल्या मधे उलटा वाकला.
अजून तो ट्रॉलरची शिडी टाचांवर चढतो.

मुलाचे पाय म्हणे पाळण्यात दिसतात.
मला दिसतात ते मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये,
घोट्यापर्यंत बर्फात.
चेहरे मी नंतर ओळखायला लागले.
दुकानात कोणी हाक मारली की आधी खाली बघते.

रेयिनचा डावा घोटा सहा वेळा मुरगळलाय.
पहिल्यांदा सुजला तेव्हा त्याची आई पळत आली होती.
तिसऱ्यांदा तो एकटाच आला.
आता येतसुद्धा नाही, पट्टी स्वतःच बांधतो,
चुकीची.
बाहेरच्या अंगाचा बंध सैल,
जुन्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखा.
"काही नाही गं, मार्युन."
सगळेच म्हणतात. काही नाही.
वाऱ्याबद्दल आम्ही अर्धा तास बोलू,
दुखण्याला दोन शब्द पुरतात.

सतरा वर्षांचा एय्दुन तीन आठवडे हेच म्हणत होता.
मी करंगळीच्या मागे, पावलाच्या कडेला, बोट टेकवलं.
तो छताकडे बघत राहिला
आणि त्याच्या कानाची पाळी पांढरी पडली.
फोनवर एक्स-रे आला, दोन बोटांनी मोठा केला:
केसाएवढी रेघ.
"एवढीशी?" कोच म्हणाला.
एवढीशीच. पण तिथे रक्त उशिरा पोचतं,
हिवाळ्यात आमच्याकडे टपाल पोचतं तसं.
"शनिवारी खेळू ना?" एय्दुनने विचारलं.
मी म्हटलं, "कुठल्या महिन्यातल्या?"

पण मला सांगायचंय ते हेग्नीचं.
अडतीस वर्षांचा गोलकीपर, एरवी विजेच्या खांबांवर चढणारा.
पंचाहत्तरावं मिनिट. चेंडू पार पलीकडच्या अर्ध्यात.
तो नुसता दोन पावलं मागे सरकला.
आवाज मला बाकावर ऐकू आला,
सुकवलेला मासा गुडघ्यावर मोडावा तसा.
हेग्नी गर्रकन वळला, रागाने,
लाथ मारणाऱ्याला शोधायला.

मागे जाळं होतं. जाळ्यामागे कठडा,
कठड्यामागे पाणी,
पाण्यात एक बदक.

मी पोचले तेव्हा तो खाली बसला होता.
हातमोजे काढून एकावर एक नीट ठेवलेले.
"कोणी मारलं?"
टाचेमागे जिथे धोंडशीर ताठ लागायला हवी
तिथे माझं बोट सरळ आत गेलं.
पोटरी दाबली. पाऊल हललं नाही.
परत दाबली, उगाच.
"कोणी नाही."
"अगं, लागलं मला. मागून."
"मागे कोणी नव्हतं, हेग्नी."

एकवीस वर्षांत त्या दोन खांबांमधून
त्याने कधी पाय काढता घेतला नव्हता.

चौघांनी स्ट्रेचर उचललं. त्यातला एक रेयिन,
त्यामुळे दर दुसऱ्या पावलाला
हेग्नीचं डोकं जरा खाली जायचं, जरा वर यायचं.
ढगांकडे बघतच त्याने विचारलं,
"रेयिन, घोटा कसाय?"

"काही नाही."