रिकामी वाघीण

डब्यावर बापाचं अक्षर : ‘कु. हेमलताचं बारसं.’
गव्हाची कोठी मोडीत काढली तेव्हा
कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात निघाला.
आत फीत. फितीवर आधी चोवीस मिनिटं
माझा जन्मच झालेला नाही.

चौऱ्याहत्तर साल, मे महिना. निंभोरा स्टेशनामागची वखार.
रेल्वेचा संप. वीस दिवस वाघिणी जागच्या जागी,
घड झाडावरच पिवळे, मग काळे.
वखार रिकामी असली की आवाज परत येतो
हे आधी कळलं डेस्मंडला,
भुसावळच्या ड्रायव्हरचं पोरगं,
शिट्टीवरून इंजिनाचा नंबर सांगायचं.
गिटार मांडीवर आडवी घेऊन
तारांवर तो केळी कापायचा विळा घासतो.
ऐकताना माझे दात शिवशिवतात.

चावदस फिरके वाघिणींची यादी वाचतो,
पोथी वाचावी तशी, संथ :
बावीस हजार तीनशे सात, दिल्ली.
बावीस हजार तीनशे आठ, कानपूर.
बावीस हजार तीनशे नऊ.
पुढं गावच नाही.
नुसता बापाच्या पेटीचा भाता,
भोक पडलेला,
सुराआधी दम लागणारा.

हा माल-क्लार्क माणूस
घरी भाजीच्या हिशोबाशिवाय बोलला नाही कधी.
पेटी होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

नाशिकहून एक मुलगा आला, कानात बाळी.
दोनदा ऐकलं, चहा तसाच गार.
म्हणाला, मावशी, ही अख्खी रेकॉर्ड आहे,
नाव पण आहे, आतल्या चिठ्ठीवर : रिकामी वाघीण.
फक्त तिसऱ्या तुकड्यात एक भेग पडलीय.
ती काढून दोन्ही टोकं जोडून घेऊ.

भेग म्हणजे मी.
तीन मिनिटं चाळीस सेकंद.
ऐन ढोल चढत असताना खट् आवाज,
आणि बायका, पाळण्याची दोरी,
आई म्हणते, व माय, भूक लागली तिले,
आणि मी रडते, बेसूर, खच्चून, थांबतच नाही.
बापाला कोरी फीत परवडली नसेल.
किंवा काय पुसतोय ते नीट माहीत असेल.
मी फैजपुरात तीस वर्षं गणित शिकवलं,
हे काही सुटलं नाही.
मुलाला म्हटलं, काढून टाक.
मग म्हटलं, थांब, ढोल ज्याचा त्याला विचारू.

रुबाब तडवी यावलच्या वर राहतो,
सातपुडा जिथं अंगणात उतरतो तिथं.
एक कान गेलेला. दुसरा यंत्राला लावून
खाटेवर बसला, पाय खाली सोडून.
नंबर सुरू झाले तेव्हा म्हणाला, चावद्या.
विळा आला तेव्हा हसला, दातांशिवाय.
मग ढोल. त्याचा. सव्वीस वर्षांच्या हातांचा,
सोबत वखारीचं पत्र्याचं दार, तेही तोच बडवतोय.
बोटं खाटेच्या माच्यावर चालायला लागली.

खट्.
माझं रडणं.

बोटं चालूच.

मुलगा माझ्याकडं बघतो, मी जमिनीकडं.
पाळणा, बायका, आई, भूक,
आणि त्या सगळ्याखालून लाकडावर
त्याची नखं, न चुकता, न घाई करता,
पुसलेलं सगळं वाजवत चाललेली.
मी मोजत होते. सवय.
दोनशे अठरा, दोनशे एकोणीस,
रडणं मध्येच तुटलं,
दार धाडकन वाजलं,
आणि म्हाताऱ्याचं बोट त्याच ठोक्यावर पडलं.

फीत संपून नुसती फिरत राहिली. कुणी उठेना.
मुलानं हळूच विचारलं, बाबा, ते मधलं काढायचं का?
कायले? तो म्हणाला.
मग बराच वेळ सातपुड्याकडं बघून,
वखारीचं भाडं रायलं होतं, लीलाधरकडं दिलं होतं मी माझं.
अकरा रुपये.
भरलं का त्यानं?