माया

मोजणीवाला आला तेव्हा
मी पगारबाईंच्या साडीला फॉल लावत होते.
त्याच्या हातात लाल ठिपक्याचं यंत्र,
माझ्या गळ्यात टेप.
त्यानं ठिपका भिंतीवर टेकवला, म्हणाला,
दोनशे सत्तर.

म्हटलं, आणि गॅलरी?
नकाशात नाही.
मागची मोरी?
नकाशात नाही.
म्हणजे श्यामल जिथे आयटीआयचा अभ्यास करायची,
कंपनी बंद पडल्यावर ह्यांनी
भिंतीकडे तोंड करून सहा महिने जिथे काढले,
ती जागा कधी नव्हतीच.

सह्या मात्र झाल्या.
स्लॅबचा पोपडा अहिऱ्यांच्या वरणात पडला
त्या दिवशी एकदम अकरा झाल्या.
दगूभाऊ अहिरे सगळ्यांत शेवटी आले,
पेन झटकत म्हणाले, शाई नाही.
शाई होती.

दोन वर्षं म्हणाले, लागली पाच.
आधी भाडं येत होतं, मग नुसते मेसेज.
दगूभाऊ श्रमिकनगरच्या भाड्याच्या खोलीतच गेले.
किल्ली सुनेनं घेतली,
उजव्या हातात, प्रसादासारखी.

आता ए विंग आमची, बी विंग विकतची.
दोन गेट, दोन लिफ्ट,
मधे कुंड्या.
खोटं कशाला बोलू,
सातव्या मजल्यावरून अंजनेरी दिसते.
तीस वर्षं सातपुरात राहून
ती फक्त ऐकून माहीत होती.
नळाला दोन वेळ पाणी येतं.
मेन्टेनन्सचा कागद आला
की ह्यांचा चष्मा सापडत नाही.

परवा बी-अकराशे चारमधली आली,
बाळंतपणानंतरची, हातात महागडा कुर्ता.
थोडा सैल करून द्याल?
मी उलटा केला, शिवण पाहिली.
आत माया सोडलेलीच नव्हती.
म्हटलं, तयार कपड्यांचं असंच असतं.
ती खाली बसली, चटईवर,
विचारू लागली, तुमचं घर किती फुटांचं?
आकडा सांगितला.
सवयीनं गॅलरी धरूनच सांगितला.

दोन्ही कुशींत पट्टी जोडली,
पगारबाईंच्या ब्लाउजपीसमधून उरलेली.
रंग जुळला नाही,
हात खाली ठेवले तर कळत नाही.

जाताना दारात थांबली.
परत येईन तेव्हा
तुमच्या गेटनं आले तर चालेल ना?
म्हटलं, या की.
वॉचमन दगूभाऊंचा नातू आहे,
नाव तेवढं लिहून घेईल.