दोन्ही हातांनी

शाहूपुरीत मोटारपार्टच्या दुकानावर हॉल.
महिन्याचा दुसरा रविवार, चाळीस खुर्च्या,
आणि आज पडद्याखालची अक्षरं आलीच नाहीत.
मुजावर सरांनी लॅपटॉपशी झटापट केली, मग हात जोडले :
"सिनेमा जपानी. खून एक, पोलीस दोन.
बाकी तुमचं तुम्ही बघा."

निम्मे लोक उठले. अण्णा उठले नाहीत.
एकतीस वर्षं खात्यात, हवालदार पिराजी मोरबाळे.
इंग्रजी ओळी त्यांच्यासाठी एरवीही पळत्या,
मी कानाशी लागून सांगत बसते.
आज मलाच काही कळेना.
"गप बस," म्हणाले, "आज मी सांगतो."

पडद्यावर उन्हाळा, काळापांढरा.
बंदर, मासळीचे खोके, कुरकुरणारा पंखा.
जाडा पोलीस मानेचा घाम पुसतो, पुन्हा पुसतो.
"ह्याची बदली जवळ आलीया. टेबल बघ किती आवरलंय."
बारका पोलीस वहीत लिहितो.
"ह्यो नवा. सगळंच लिहून घेतोय."
गहाणवटवाला मेलेला, तराजू आडवा,
त्याची बायको दार सरकवून गुडघ्यावर बसते.
"खोटं बोलली. बोलायच्या आधी पदर सारखा केला."
पदर नव्हता, किमोनोची बाही होती.
पण सारखी केली होती खरी.

मग वखारीतला एक पोरगा धरून आणला.
दार बंद झालं.
कॅमेरा बाहेरच थांबला, बराच वेळ,
पंख्यावर, बाकड्यावर, एका मांजरावर.
दार उघडलं तेव्हा रक्षापात्र भरलेलं,
पोरगा खाली मान घालून बोलत होता
आणि कागदावर अंगठा उठत होता.
मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "घावला एकदाचा."

"त्यो न्हवं," अण्णा म्हणाले.
हळू नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.
"चहा कसा धरलाय बघ. दोन्ही हातांनी.
एका हातात भांडं ऱ्हात न्हाई मग."

मला सांगायचं होतं,
अण्णा, तिकडं सगळेच तसं धरतात, ती रीत आहे,
मघाशी त्या बाईनं धरला, जाड्यानंही धरला.
तोंड उघडलं होतं मी.

गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेला उभ्या होत्या,
चरवीत धार वाजत होती.
फेसाचा ग्लास हातात घेऊन अण्णा म्हणाले,
"गुजरीतनं अकरा तोळं गेलं होतं.
आटणीवाल्याकडचा पोरगा, हुपरीचा, अंकुश.
तिसऱ्या रात्री कबूल झाला.
चहा मीच दिला त्याला."
म्हैस शेपटी हलवत राहिली.
"सोनं मागनं मालकाच्या मेव्हण्याकडं घावलं."
"मग?"
"मग काय. बक्षीस आधीच वाटून झालं होतं.
पन्नास रुपयं. तुझं दप्तर आणलं त्यातनं."

लाल दप्तर. पितळी बक्कल.
पाचवीपर्यंत पुरलं, मग त्यात आई कांदे ठेवायची.

"आणि अंकुश?"
अण्णांनी मिशीवरचा फेस पुसला,
दूधवाल्याला सुट्टे पैसे मोजून दिले,
एक रुपया जास्त गेला म्हणून परत मागितला.

पंधरा दिवसांनी मुजावर सरांनी ओळींची फाइल पाठवली.
अण्णा झोपल्यावर मी एकटीनं बघितला सिनेमा, आवाज बारीक करून.
पोरगा स्वच्छ सांगतो : मीच मारलं.
सुरा कुठं टाकला, ते सांगतो,
बाई खोटं का बोलली, तेही कळतं.
सगळं जुळतं.

फक्त दार बंद होतं तिथून
उघडतं तिथपर्यंत
खाली एकही ओळ नाही.
मी तेवढंच मागं नेऊन पुन्हा बघितलं.
पंखा. बाकडं. मांजर कान टवकारतं,
आपल्याला ऐकू येत नाही अशा कशाला तरी.