मेंढीच्या मनानं

सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली
की लिंबाजी देवकत्याचा फोन येतो:
"कंडक्टरसाब, येलालाव का औंदा?"
येतो की.
पिशवी दसऱ्यालाच भरून ठेवलेली असते.

महिना सहा हजार, दोन वेळा भाकरी
आणि शिमग्याला परतताना एक कोकरू.
सून म्हणते, लोक काय म्हणतील,
पेन्शन पुरत नाही वाटतं आबांना.
(पुरत नाहीच. पण ते कारण नव्हे.)

एकतीस वर्षं मी अहमदपूर डेपोत काढली.
चाललो खूप, पण गाडीच्या आत,
पुढच्या दारापासून मागच्या बाकापर्यंत,
उभ्या माणसांच्या काखांखालून.
माळाकोळी, लोहा, कंधार
मला तिकिटाच्या दरानं ठाऊक.
माळाकोळीच्या अलीकडे चढ आहे,
चढावर तीन हिवर आहेत,
तिसऱ्याखाली कुणीतरी पाण्याचा रांजण भरून ठेवतं,
हे मला साठीनंतर कळलं.

मेंढी चालते म्हणजे चरते.
दोन पावलं, एक घास,
मग काहीतरी आठवल्यासारखी उभीच.
पहिल्या वर्षी मी तरातरा पुढे जायचो
आणि वळून बघावं तर
कळप अजून मागच्याच बांधावर.
घोड्याची दोरी धरून भागाबाई हसायची:
"कुठली गाडी धरलालाव, साब?"

त्या घोड्यावर अख्खा संसार असतो.
तवा, वाघूर, घोंगड्या, मोबाइलचा चार्जर,
आणि दोन्हीकडच्या झोळ्यांतून
आठवड्याच्या आतली कोकरं, नुसती तोंडं बाहेर.
मी रोज त्यांच्याजवळून जाताना म्हणतो,
सुट्टे पैसे काढून ठेवा.

पौषात रात्री कळप एकाच्या शेतात बसतो.
शेतमालक ज्वारी मोजून देतो, कधी हुरडा.
वाघरीच्या आत एकशे बारा जणींची ऊब,
वर वाफ, लेंडीचा आणि ओल्या लोकरीचा वास.
टायगर नावाचं कुत्रं माझ्या पायांवर झोपतं
आणि लांडग्याचा आवाज आला की
आधी माझ्याच घोंगडीत शिरतं.

माघात बाभळीच्या शेंगा पिकतात.
लांब काठीला आकडी बांधून फांदी हलवायची
हे काम माझ्याकडे आहे.
शेंगा पडायच्या आतच
सगळ्या मुंड्या वर करून उभ्या.
मग जो कुरकुर कुरकुर आवाज उठतो
तो ऐकत मी मान दुखेपर्यंत काठी हलवतो.
लिंबाजी म्हणतो, बस्स करा, पोट फुगंल त्यांचं.
मी आणखी एक फांदी हलवतो.

यंदा रस्ता ओलांडताना एसटी आली.
अहमदपूर-नांदेड, साडेनऊची. माझीच गाडी.
कळप मधोमध, आणि म्होरकी मेंढी
नेमकी पांढऱ्या पट्ट्यावर थबकलेली.
दारातून नवा पोरगा ओरडला,
"ओ मामा, हाकला की, टाइम झालाय!"
मी हात वर केला.
हाकलल्या नाहीत. मोजल्या.
एकशे नऊ, एकशे दहा, एक लंगडी, एक पोटुशी.
मग पत्र्यावर काठीनं दोनदा टकटक केलं.
ड्रायव्हर जुना होता. हसला. गिअर टाकला.

शिमग्याला हिशेब झाला.
लिंबाजीनं कोकरू पुढे केलं,
कपाळावर पांढरा टिळा असलेलं.
म्हटलं, ठेव तुझ्यातच.
फ्लॅटच्या जिन्यात काय खाईल ते?
दिवाळीला बघतो केवढं झालंय.

आता घरी आहे. उन्हाळा आहे.
सकाळी नातवाला घेऊन दुधाला जातो.
तो हात ओढतो, "आबा, चला ना, किती थांबता!"
मी नाल्याकाठच्या बाभळीखाली उभा असतो.
खालच्या शेंगा कुणीतरी नेल्यात.
वरच्या फांदीला अजून आहेत बऱ्याच.