उतार आलाय, बेतानं

बरकाच्या बाजारामागे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी
ते नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं होतं.
आयाळीत कुणाच्यातरी वाढदिवसाची गुलाबी रिबीन.
खूर वाढून पुढं वळलेले, जुन्या मोजडीसारखे.
मालक घर रिकामं करून गेला, पहारेकरी म्हणाला,
सोफा गेला, फ्रीज गेला, हे राहिलं.

डोंगरी तट्टू.
कुठल्या डोंगरातलं, त्याचा कागद नव्हता.
दादकरीम म्हणतो, समुद्रापलीकडून आलं, बोटीत, बकऱ्यांबरोबर.
दादकरीमला सगळंच समुद्रापलीकडचं वाटतं,
तो स्वतः तसा आला म्हणून.
मी फक्त पाय बघितले.
सपाट वाळूवरसुद्धा ते पाऊल आधी टेकवायचं,
चाचपायचं, मगच भार द्यायचं.
माथेरानच्या लाल धुळीत एकवीस वर्षं
मी असल्याच पायांच्या मागं चाललोय.

नऊ दिवस त्यानं नुसती पाठ दाखवली.
मीही बादली ठेवून उलटा बसायचो.
पाठीला पाठ, मध्ये कूलरची घरघर.
दहाव्या दिवशी मानेवर गरम फुंकर आली
आणि माझी टोपी गेली.

नालबंद सरफराज तीन खेपा आला.
पहिल्या खेपेला लाथ खाल्ली, दुसऱ्या खेपेला नुसता चहा घेतला.
तिसऱ्या खेपेला खुराचे काप पडले
कलिंगडाच्या सालींसारखे.

मग शिकवणं. शिकवणं म्हणजे
त्यानं भीती कुठं कुठं लपवून ठेवलीय ते शोधत फिरणं.
फुग्यात सापडली. छत्रीत.
पोरांच्या किंचाळण्यात तर पोतंभर.
तबेल्याच्या शमसाबाई फॉर्म भरायच्या:
वय अंदाजे अकरा, दात बरे, स्वभाव...
तिथं पेन थांबायचं. मी सांगायचो,
लिहा, अजून विचार करतंय.

अरबीत बोललं की कान पाडायचं,
इंग्रजीला तर हलायचंच नाही.
मी आपलं घाटातलं बोललो, तोंडात येईल ते:
चढ आलाय रं बाबा, लाव जोर.
उतार आलाय, बेतानं.
कान वळले.
शब्द कळले नसतील.
बोलणाऱ्यालाही उताराची धास्ती आहे, एवढं कळलं असेल.

रिक्षा वर आल्या त्या साली मी पाकळी विकली.
घेणाऱ्याचं घर बघायला गेलो नाही.
इथं मात्र घरं तपासायला मीच जायचो.
एकाला ते वरातीसाठी हवं होतं.
एकाकडे अंगण मोठं, पण सावली फक्त गाडीला.

बिरकत अल मौजच्या हमूदआजोबांनी किंमत विचारली नाही.
गुडघ्यावर बसून आधी खूर बघितले,
मग वर, केळीच्या बागांमागच्या पायवाटेकडे.
नात झुवैना म्हणाली, याला काय समजतं?
मी शब्द सांगितले, तिनं वहीत उतरवले.
‘चढ’ला अडली. तिच्या लिपीत ‘च’ नाही,
आणि ‘ढ’ कुणाच्याच नाही.
तिनं ‘श’ लिहिला, ‘द’ लिहिला.
म्हटलं, चालेल, ते समजून घेईल.

ट्रेलरच्या फळीवर चढायला मीच शिकवलं, अकरा दिवस,
खजूर पुढं धरून.
जनावर मागं न बघता गेलं
की समजायचं, काम चोख झालं.
त्यानं बघितलं नाही.
मी दोरी गुंडाळत राहिलो, गुंडाळून झाली तरी.

दोन महिन्यांनी फोनवर एक आवाज आला.
आधी दगडावर नाल, मग फलजचं पाणी,
मग पोरीचा श्वास लागलेला,
आणि अगदी माझ्याच हेलात:
उतार आलाय, बेतानं.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा दादकरीमनं विचारलं, कोण आहे?
म्हटलं, आहे एक.
आमच्या घाटाकडची.