हातचा

गॅतिनोच्या सरकारी इमारतीत, बाराव्या मजल्यावर,
मला तीन आठवडे आणि एक खुर्ची मिळाली.
खुर्चीचं एक चाक रुसलेलं.
काम एवढंच: पेटंट परीक्षक जितके तास लिहितात
तितके तास ते खरोखर असतात का, ते पाहायचं.

असतात म्हणजे कुठे, हे आदेशात नव्हतं.

दाराची नोंद होती: कार्ड कधी टेकलं.
संगणकाची नोंद होती: कळ कधी दाबली, माऊस कधी हलला.
आणि तिसरी त्यांच्या हातची:
अर्ज अमुक, तास एकोणीस, निकाली.
तिन्ही शेजारी मांडल्या
आणि ताळा करायला बसले.

तिमाहीच्या शेवटच्या रात्री साडेअकराला
इतके निकाल सुटत, की वाटावं
माणसाला शोध लागतात ते हिशेब मिटतानाच.
हे मी लिहिलं. हे सोपं होतं.

एकाचा तक्ता मात्र घासून ठेवलेल्या भांड्यासारखा लख्ख.
कॉर्मिए. साडेसात लिहिले, साडेसात भरले,
मिनिट इकडे नाही की तिकडे.
त्याच्या टेबलापाशी गेले, तर तो नव्हता.
एक छोटा पंखा होता, मान डोलावणारा,
पंख्याला दोरा, दोऱ्याला माऊस.
दर चाळीस सेकंदांनी पडद्यावरचा बाण
दचकून जागा होई.
नवीन आहे, म्हटलं. उपयोगी आहे.
सहज कोणालाही सुचेल असंही नाही.
फक्त अर्ज करायचा राहिला.

मग मार्सेलिन ऊद. वय एकसष्ट,
बुटांवर रस्त्यातल्या मिठाचे पांढरे डाग,
आणि संगणक दिवसाचे तीन-तीन तास झोपलेला.
एका कडीवर त्याने एक्केचाळीस तास घातले होते.
कडी. सस्कॅचेवानच्या कोणा प्रोकोपचुक बाईंची,
धान्याच्या कोठीला लावायची, उणे चाळीसमध्ये
जाड हातमोजे न काढता उघडणारी.
चित्र चौकटीच्या वहीत, फूटपट्टी धरून काढलेलं.

एवढे तास? मी विचारलं.
त्याने कपाटातून एक जुनं चित्र काढलं, एकोणीसशे तेवीसचं.
तीच कडी, तेच वाकण.
"दीड दिवसात नाकारता आली असती," तो म्हणाला.
"पण चौथा दावा बघा. स्प्रिंग बर्फात चिकटत नाही, म्हणते.
ते खरंच नवं आहे का, कळेना.
मग कळेपर्यंत बसलो."

बसलात कसे? पडद्यावर तर काहीच नाही.

त्याने अंगठ्याने हवेत एक कडी उघडली,
मिटली,
पुन्हा उघडली.

मग जरा थांबून,
"त्यातले सहा तास नुसती नदी बघत होतो.
उगाच. ते कापा."

शाळेत बेरीज शिकवणाऱ्या सिस्टर ओदिल म्हणत,
हातचा विसरू नका.
उत्तराच्या ओळीत तो कुठेच दिसत नाही,
कोणाच्या तरी डोक्यावर बारीकसा बसून असतो;
पण धरला नाही, की वहीभर लाल शाई.

संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर
मीही खिडकीशी गेले.
नदी गोठलेली. मधोमध एक काळी चीर,
तिच्यातून वाफ वर येत होती, पलीकडचं ओटावा पुसट करत.
किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
मी 'पडताळणी' असं लिहिलं.

अहवालात कॉर्मिएचे सगळे तास वजा केले,
ऊदचे सहा.
प्रोकोपचुक बाईंना पत्र गेलं:
तीन दावे नामंजूर, चौथा मंजूर.
आणि मी ऊदच्या आकड्याच्या माथ्यावर
पेन्सिलीने एक बारीक एक काढून ठेवला.

स्वच्छ प्रत वरून परत आली, तेव्हा तो नव्हता.
डाग समजून कोणी पुसला असेल.
मी बेरीज पुन्हा करून पाहिली, दोनदा.
तंतोतंत येत होती.